ॲड्रिनलमध्ये कोलेस्टेरॉल कुठे अडतं ते कसं शोधावं: बोकडाच्या ग्रंथीवरचा सात गटांचा प्रयोग

गुर्द्याजवळच्या ॲड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसोल या हॉर्मोनचा साठा नसतो. स्वादुपिंडात इन्सुलिन कणांच्या रूपात तयार असतं, थायरॉइडमध्ये काही आठवडे पुरेल एवढा माल असतो. ॲड्रिनलच्या कॉर्टेक्समध्ये, म्हणजे बाहेरच्या थरात, मात्र फक्त कच्चा माल, म्हणजे कोलेस्टेरॉल. मेंदूखालच्या पिट्युटरीकडून एसीटीएच हे हॉर्मोन आलं की काही मिनिटांत हॉर्मोन नव्यानं बनवायचं आणि लगेच रक्तात सोडायचं, अशी तिची रीत. त्यामुळे किती हॉर्मोन बनेल हे मुख्यतः एका टप्प्यावर ठरतं: मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या मेम्ब्रेनवरचं कोलेस्टेरॉल आतल्या मेम्ब्रेनपर्यंत किती वेगानं पोचतं.

साखर कारखान्याच्या अड्ड्यात उसाच्या गाड्या रांगेनं उभ्या आहेत, गाळप यंत्रणा सज्ज आहे, पण गव्हाणीत ऊस पडतच नाही, तशी ही अवस्था. पुस्तकात हा टप्पा दोन ओळींत संपतो. सांगली, मिरज, सातारा किंवा कऱ्हाडच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत तो एका दिवसात डोळ्यांनी पाहता येतो. त्यासाठी प्राणिगृह लागत नाही, खाटकाकडची ग्रंथी पुरते.

प्रयोगामागचं तर्कशास्त्र

कॉर्टेक्सच्या पेशीला कोलेस्टेरॉल चार वाटांनी मिळतं: एलडीएल रिसेप्टरमार्गे आत ओढलेल्या कणांतून, एसआर-बी१ या रिसेप्टरमार्गे एचडीएलमधून, पेशीनं स्वतः बनवलेलं, आणि मेदाच्या थेंबांत एस्टरच्या रूपात ठेवलेलं. एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये सुटं होतं आणि एनपीसी१, एनपीसी२ या प्रथिनांच्या मदतीनं बाहेर पडतं. थेंबांतलं हॉर्मोन-सेन्सिटिव्ह लायपेज सोडवतं. इथपर्यंत पर्याय भरपूर आहेत, एक वाट बंद पडली तर दुसरी चालते.

पुढे मात्र वाट एकच. बाहेरच्या आणि आतल्या मेम्ब्रेनच्या मधली जागा पाणीदार आहे आणि कोलेस्टेरॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते पार नेण्याचं काम स्टार नावाच्या प्रथिनामुळे होतं. १९९४ साली बार्बरा क्लार्क, डग्लस स्टॉको आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या वृषणातल्या लेडिग पेशींतून ते शोधून काढलं. ३७ किलोडाल्टनचं नवं स्टार बाहेरच्या मेम्ब्रेनवर असेपर्यंत काम करतं, आत ओढलं जाऊन ३० किलोडाल्टनचं झालं की त्याचं काम संपतं. म्हणून पेशीला ते सतत नव्यानं बनवावं लागतं. प्रथिननिर्मिती थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड दिलं की एसीटीएचचा परिणाम झपाट्यानं का मावळतो, याचं उत्तर इथे आहे. १९६० च्या दशकात संशोधकांनी हा मावळणारा परिणाम पाहिला होता, प्रथिन हाती यायला पुढची तीन दशकं गेली.

आतल्या मेम्ब्रेनवर पी४५०एससीसी हे एन्झाइम कोलेस्टेरॉलच्या २७ कार्बनांपैकी ६ कार्बनांची शेपटी तोडतं आणि २१ कार्बनांचं प्रेग्नेनोलोन देतं. या क्रियेतली पहिली पायरी म्हणजे २२-आर-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल. हा रेणू पाण्याशी थोडा अधिक जुळवून घेतो आणि स्टारच्या मदतीशिवाय आत पोचतो. आपल्या प्रयोगाची किल्ली हीच आहे. एसीटीएचनं कॉर्टिसोल वाढत नाही पण २२-आरनं वाढतं, तर एन्झाइमं शाबूत आहेत आणि अडथळा त्यांच्या आधी आहे. दोन्हींनी वाढत नाही, पण प्रेग्नेनोलोननं वाढतं, तर दोष पी४५०एससीसीत किंवा त्याला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या साखळीत.

उंदीर किंवा घुशीच्या ग्रंथी घेऊ नका. त्यांच्या ॲड्रिनलमध्ये १७-हायड्रॉक्सिलेज नसतं, त्यामुळे कॉर्टिसोलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉन बनतं आणि कॉर्टिसोलचं किट जवळपास काहीच दाखवत नाही. बोकड आणि मेंढी दोन्ही कॉर्टिसोल बनवतात. जत भागात माडग्याळ मेंढ्यांची ग्रंथी सहज मिळत असेल तर तीही चालेल, पण एका प्रयोगात दोन जाती मिसळू नका.

ग्रंथी मिळवणं

सगळ्यात जास्त प्रयोग इथेच बिघडतात, म्हणून यावर वेळ घालवा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. खाटकाशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि पहाटे कापणीच्या वेळी स्वतः हजर राहा. श्रावणात कापणी कमी होते, तो महिना वेळापत्रकातून वगळा. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी हातात हवी.

खाटकाला "गुर्दे भोवतालच्या चरबीसकट द्या" असं सांगा. चरबी सोलून साफ केलेल्या गुर्द्याबरोबर ग्रंथी येत नाही, ती चरबीत जाते. गुर्द्याच्या पुढच्या टोकाजवळ, आतल्या बाजूला चरबीत बोटानं चाचपलं की साधारण दोन सेंटिमीटर लांबीचा घट्ट, तपकिरी गोळा लागतो. उजवी ग्रंथी मोठ्या नीलेला चिकटून असते, ती काढताना नीलेचा तुकडा आला तरी चालेल. जवळच लिम्फ ग्रंथी असतात आणि नवखा माणूस हमखास त्याच उचलतो. खात्रीसाठी एक गोळा मधोमध कापून पाहा. ॲड्रिनलमध्ये दोन रंग स्पष्ट दिसतात, बाहेर पिवळसर तपकिरी कड आणि आत वेगळ्या रंगाचा मऊ गाभा. लिम्फ ग्रंथी आतून बहुतेक एकसारखी करडी असते.

दोन-तीन बोकडांच्या मिळून चार ते सहा ग्रंथी घ्या. ५० मिलीच्या निर्जंतुक नळीत थंड हेप्स-बफर माध्यम भरून न्या. त्याचा पीएच ७.४ हवा आणि त्यात दर लिटरला २ ग्रॅम ग्लुकोज, दर मिलीला १०० युनिट पेनिसिलिन व १०० मायक्रोग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन असावं. नळी थर्माकोलच्या डब्यात बर्फात खोचा. कारखान्यातली बर्फाची लादी फोडून वापरली तरी हरकत नाही, फक्त ते पाणी नळीत जाता कामा नये. मीठ घातलेला बर्फ नको, त्यानं ग्रंथी गोठते. कापणीपासून पेशी वेगळ्या करायला सुरुवात होईपर्यंत ४५ मिनिटांहून जास्त वेळ जाऊ देऊ नका. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा दुचाकीच्या डिकीत वीस मिनिटं उघडी राहिलेली ग्रंथी निकामी समजा.

शेळ्या-मेंढ्यांपासून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. हातमोजे, मास्क आणि चष्मा प्रत्येकानं घालायचा, तोंडानं पिपेट ओढायची नाही. उरलेल्या ऊती ऑटोक्लेव्ह करून पिवळ्या पिशवीत.

पेशी वेगळ्या करणं

चरबी कात्रीनं काढा, ग्रंथी लांबीत चिरा आणि ब्लेडच्या बोथट बाजूनं गाभा पूर्ण खरवडून टाका. गाभ्यात ॲड्रिनॅलिन असतं, ते राहिलं तर आकडे गढूळ होतात. मग बाहेरचं कवच चिमट्यात धरून आतला कॉर्टेक्स खरवडून घ्या. कवचाला चिकटून राहणारा पातळ थर बहुतांशी ग्लोमेरुलोसाचा असतो. तो अल्डोस्टेरॉन बनवतो, तो आपल्याला नको. मिळालेला ऐवज १ मिलिमीटरच्या तुकड्यांत बारीक करा, थंड माध्यमानं दोनदा धुवा आणि वजन करा.

दर ग्रॅमला १० मिली पचनद्रव घ्या. त्यात दर मिलीला २ मिलिग्रॅम कोलॅजिनेज, ५० मायक्रोग्रॅम डीएनेज-१ आणि ५ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन असतं. ३७ अंश सेल्सिअसला हलत्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं ठेवा, रुंद तोंडाच्या टिपनं दहा-बारा वेळा वरखाली करा, सुट्या पेशींचं द्रव काढून थंडीत ठेवा आणि उरलेल्या तुकड्यांवर पुन्हा ताजं द्रव घालून आणखी ३० मिनिटं. डीएनेज वगळू नका. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकट धागे बनवतो आणि चांगल्या पेशी त्यात अडकून गाळणीवर राहतात.

कोलॅजिनेजची ताकद लॉटप्रमाणे बदलते, आणि कच्च्या प्रतीत ट्रिप्सिनसारखी क्रिया असते. पचन लांबलं तर पेशी जिवंत दिसतात, पण त्यांच्या पृष्ठभागावरचा एसीटीएच रिसेप्टर कापला गेलेला असतो. नवीन बाटली आली की एका ग्रंथीवर २०, ३० आणि ४० मिनिटं अशी चाचणी घ्या. एन्झाइम पुण्या-मुंबईहून येतं. पार्सल उघडल्या क्षणी जेल पॅक गार आहेत का पाहा आणि लहान भाग करून उणे २० अंशाला ठेवा.

पेशी १०० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळा आणि १५० जी वेगानं १० मिनिटं फिरवा. यंत्रावर फक्त फेरेच लिहिलेले असतील तर त्रिज्या मोजा. १५ सेंटिमीटर त्रिज्येला १५० जी म्हणजे मिनिटाला सुमारे ९५० फेरे. याहून जोरात फिरवलं तर तांबड्या पेशी आणि कचरा सोबत बसतो. दोनदा धुवा, ०.४ टक्के ट्रिपॅन ब्ल्यू (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा निळा रंग) घालून हिमोसायटोमीटरवर मोजा. ८५ टक्क्यांहून कमी पेशी जिवंत असतील तर पुढे जाऊ नका. तसे आकडे वाचून काही कळत नाही, महागडं किट मात्र संपतं.

आता पेशींना ३७ अंशाला एक तास विश्रांती द्या, माध्यम काढून टाका आणि ताज्या माध्यमात दर मिलीला २ लाख या प्रमाणात घ्या. हा तास ऐच्छिक नाही. कापणीआधीच्या ताणात जनावराच्या रक्तात एसीटीएच उसळलेलं असतं. ग्रंथी आधीच चेतवलेली असते आणि बनलेलं कॉर्टिसोल पेशींभोवती साचलेलं असतं. थेट सुरुवात केली तर कंट्रोलचा आकडाच आभाळाला भिडतो आणि एसीटीएचची वाढ दिसत नाही.

द्रावणं आणि गट

एसीटीएचसाठी ०.२५ मिलिग्रॅमची टेट्राकोसॅक्टाइडची (एसीटीएचच्या कृत्रिम तुकड्याची) व्हायल चालते, डेपो प्रकार चालत नाही. तो स्नायूत हळूहळू सुटण्यासाठी बनवलेला आहे, दोन तासांच्या नळीत किती सुटला ते सांगता येत नाही. ०.२५ मिलिग्रॅम १ मिलीत म्हणजे ८५ मायक्रोमोलर. त्यातले १० मायक्रोलिटर ८४० मायक्रोलिटर माध्यमात घातले की १ मायक्रोमोलर, आणि त्यातले १० मायक्रोलिटर १ मिलीच्या नळीत म्हणजे १० नॅनोमोलर. हा पेप्टाइड काचेला चिकटतो. सगळं प्लास्टिकमध्ये करा आणि माध्यमात ०.१ टक्के अल्ब्युमिन ठेवा.

सायक्लिक एएमपी हा रेणू रिसेप्टरला मिळालेला एसीटीएचचा निरोप पेशीच्या आत पोचवतो. त्याचं पेशीत शिरू शकणारं रूप म्हणजे डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी. ते पाण्यात १०० मिलिमोलर करा, नळीला १० मायक्रोलिटर. बाकी तीन निव्वळ इथेनॉलमध्ये, प्रत्येकी नळीला २ मायक्रोलिटर. २२-आर १० मिलिमोलर, म्हणजे मिलीला ४.०३ मिलिग्रॅम, नळीत २० मायक्रोमोलर होतं. प्रेग्नेनोलोन ५ मिलिमोलर, म्हणजे मिलीला १.५८ मिलिग्रॅम, नळीत १० मायक्रोमोलर. सायक्लोहेक्झिमाइड मिलीला ५ मिलिग्रॅम, नळीत १० मायक्रोग्रॅम. सायक्लोहेक्झिमाइड विषारी आहे, पूड वजन करताना फ्यूम हूड आणि मोजे हवेतच. मागवताना "२२-आर" हे दोनदा तपासा. २२-एस हा त्याचा फक्त एका कार्बनवर उलटी मांडणी असलेला भाऊबंदही बाजारात मिळतो, पण पी४५०एससीसी त्याचं प्रेग्नेनोलोन नीट बनवत नाही. बाटली चुकली तर "एन्झाइम बंद आहे" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

गट असे: १. काही नाही (कंट्रोल), २. एसीटीएच; ३. सायक्लिक एएमपी; ४. २२-आर, ५. प्रेग्नेनोलोन, ६. एसीटीएच आणि सायक्लोहेक्झिमाइड, ७. २२-आर आणि सायक्लोहेक्झिमाइड. प्रत्येकाच्या तीन नळ्या, शिवाय शून्य वेळेला बर्फावर थांबवायच्या तीन, एकूण २४. सातव्या गटात इथेनॉल ४ मायक्रोलिटर जातं, म्हणून बाकीच्या प्रत्येक नळीतही एकूण ४ मायक्रोलिटर होईल इतकं साधं इथेनॉल घाला. हे विसरलं तर तुलना इथेनॉलची होते.

प्रत्येक नळीत अर्धा मिली पेशी, म्हणजे १ लाख, आणि माध्यमानं एकूण १ मिली. २४ नळ्यांना १२ मिली लागतात, १३ मिली तयार ठेवा. सायक्लोहेक्झिमाइड आधी घालून ३० मिनिटं थांबा, मगच बाकीची द्रव्यं. ३७ अंशाला बरोबर दोन तास, दर दहा मिनिटांनी हलकं हलवत. वॉटर बाथ इन्व्हर्टरवर घ्या. मध्येच वीज गेली आणि तापमान ३२ अंशापर्यंत उतरलं तर सगळेच आकडे खाली येतात, पण सारख्या प्रमाणात येत नाहीत. असा दिवस बाद करावा हेच बरं. दोन तासांनी नळ्या बर्फावर, थंडीत ३०० जी ५ मिनिटं, वरचं द्रव उणे २० अंशाला.

कॉर्टिसोल अँटिबॉडीच्या मदतीनं मोजणारं एलायझा किट घेताना क्रॉस-रिॲक्शनचा तक्ता वाचा. प्रेग्नेनोलोन आणि २२-आरशी अँटिबॉडी किती चिकटते ते तिथे दिसतं. २२-आरचं नाव तक्त्यात नसेल तर पेशी नसलेल्या माध्यमात २२-आर घालून एक नळी चालवा. बहुतेक किटं सीरमसाठी बनवलेली असतात, म्हणून मानकं तुमच्याच माध्यमात पातळ करून वक्र काढा. शून्य वेळेचा आकडा वजा करा आणि निकाल "१ लाख पेशी, २ तास" याच एककात लिहा. १ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे २७.६ नॅनोमोल प्रति लिटर.

आकडे कसे वाचायचे

नीट झालेल्या प्रयोगात एसीटीएच आणि सायक्लिक एएमपी कंट्रोलच्या निदान दुप्पट-तिप्पट जातात, २२-आर सहसा एसीटीएचइतकं किंवा त्याहून वर जातं. सहावा गट कंट्रोलच्या आसपास कोसळतो, सातवा चौथ्याजवळच राहतो. सहावा आणि सातवा शेजारी ठेवून पाहा. औषध तेच, पेशी त्याच, पण स्टारची गरज असलेली वाट बंद पडली आणि गरज नसलेली चालू राहिली. एन्झाइमं दोन तासांत संपत नाहीत, स्टार संपतं.

एसीटीएच गप्प आणि सायक्लिक एएमपी चालू, तर रिसेप्टर गेलेत. कारण बहुधा लांबलेलं पचन किंवा काचेला चिकटलेलं एसीटीएच. दोन्ही गप्प आणि २२-आर चालू, तर वाहतूक अडली आहे. सायक्लोहेक्झिमाइडची टिप चुकून दुसऱ्या नळ्यांत गेली का ते आधी तपासा. सगळंच खाली, प्रेग्नेनोलोनसुद्धा, तर पेशी मेल्यात आणि दोष पहाटेच्या डब्यात शोधायचा. सातवाही कोसळला तर सायक्लोहेक्झिमाइड जास्त पडलंय किंवा पेशी इथेनॉलनं मेल्यात, ट्रिपॅन ब्ल्यू पुन्हा करा. एकाच दिवशीच्या तीन नळ्या म्हणजे तीन निरीक्षणं नव्हेत. वेगवेगळ्या दिवशीच्या तीन तुकड्या झाल्या की तीन.

माध्यमात साधं कोलेस्टेरॉल ओतून पाहण्याचा मोह होतो. ते विरघळत नाही, कणांच्या रूपात तळाशी बसतं आणि काही सिद्ध होत नाही. एलडीएलची वाट तपासायची असेल तर पेशी लिपोप्रोटीन काढलेल्या सीरममध्ये २४ ते ४८ तास वाढवून, मग दर मिलीला ५० मायक्रोग्रॅम प्रथिनाइतकं एलडीएल द्यावं लागतं. ऑइल रेड ओनं थेंब रंगवले आणि रंग फिकट आला तर निराश होऊ नका. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कॉर्टेक्समध्ये मेदाचे थेंब मुळात कमी असतात.

दवाखान्याशी संबंध

स्टारचं जनुक बिघडलेल्या बाळांना लायपॉइड कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया होतो. १९९५ मध्ये हा दोष पहिल्यांदा दाखवला गेला. सुरुवातीला स्टारविना होणारी थोडी वाहतूक चालू असते, पण न वापरलेलं कोलेस्टेरॉल साचत जातं आणि पेशीच नष्ट होते. अशा बाळात मीठ कमी पडतं, उलट्या आणि शॉक येतो, आणि एक्सवाय गुणसूत्रं असलेलं बाळही मुलीसारखं दिसू शकतं, कारण वृषणांनाही स्टार लागतं. हे निदान बालरोगतज्ज्ञांनी आणि जनुकीय तपासणीनंच करायचं असतं.

स्टॅटिनच्या गोळीनं कॉर्टिसोल बंद पडेल का, हा प्रश्न विद्यार्थी आणि रुग्ण दोघंही विचारतात. नेहमीच्या डोसला तसं होत नाही. गोळी पेशीतली कोलेस्टेरॉलनिर्मिती कमी करते, पण एलडीएल, एचडीएल आणि साठा या वाटा उघड्या राहतात. त्या भीतीनं गोळी सोडू नये.

पुढची पायरी: सुटे मायटोकॉन्ड्रिया

ज्यांना एवढ्यावर थांबायचं नाही त्यांनी कॉर्टेक्स ०.२५ मोलर सुक्रोज, १० मिलिमोलर ट्रिस आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीएच्या थंड द्रवात वाटून, ८०० जी १० मिनिटं आणि वरचं द्रव १०,००० जी १५ मिनिटं फिरवावं. तळाशी बसलेला थर म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. पी४५०एससीसीला एका कोलेस्टेरॉलमागे इलेक्ट्रॉन पुरवणारे तीन एनएडीपीएच रेणू लागतात, पण एनएडीपीएच आतल्या मेम्ब्रेनमधून जात नाही. म्हणून ते बाहेरून न घालता १० मिलिमोलर आयसोसिट्रेट घाला, आतलं एनएडीपीएच त्यातून बनतं. तुलनेसाठी एका नळीत आयसोसिट्रेटऐवजी एनएडीपीएच घालून बघा. त्या नळीत प्रेग्नेनोलोन वाढलं तर मेम्ब्रेन फाटलेल्या आहेत. तो थर टाकून द्या आणि पुढच्या वेळी वाटताना फेरे कमी करा.